नळ चालू राहिलाय

ठाण्यात जून ते सप्टेंबर आपण पाण्याचा आवाज बंद करायला पैसे मोजतो. गच्चीला वॉटरप्रूफिंग, न्हाणीघराच्या छताला डागडुजी, टपटपणाऱ्या नळाला नवा वायसर. आणि दिवाळी उलटली की घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत जाऊन तोच आवाज विकत आणतो. मोटर, पाइप, एकावर एक तिरके रचलेले माठ, निळा दिवा आणि सगळ्यांच्या वर ध्यानस्थ बुद्ध. बुद्धाच्या डोक्यावरून पाणी का सोडतात ते मला कधी उमगलेलं नाही. ध्यान लावून बसलेल्या माणसाला निदान कोरडं तरी ठेवावं.

आमची जागा पाचपाखाडीत, जुन्या इमारतीचा तळमजला. वरून पडणारे चिमटे, केस आणि शेंगांची टरफलं सोसायची, त्या बदल्यात मागच्या दारी थोडी जमीन मिळते. कागदोपत्री ती सोसायटीची. पण तिथला कढीपत्ता अख्खी बिल्डिंग तोडते, त्यामुळे कुणी काही बोलत नाही. एक सोनचाफा आहे, आणि कपडे धुण्याच्या दगडाशी, सांडपाण्यावर माजलेलं अळू. त्या अळूच्या शेजारी पाण्याचं एखादं छोटं कुंड असावं, असं मनात होतं.

"कचराळी तलाव चालत जाण्यासारखा, मासुंद्याच्या काठी रोज संध्याकाळी जत्रा. आणि तुला घरात डबकं कशाला हवंय?" सासूबाईंनी विचारलं. तलावांच्या शहरात ह्या प्रश्नाला चांगलं उत्तर नाही. मी टब आणला.

साधा काळा, पसरट टब. तळमजल्यामुळे वजनाची चिंता नव्हती. वर राहणाऱ्यांनी मात्र हिशेब करावा: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार बाय चार फुटांचं, फूटभर खोल कुंड बाल्कनीत केलंत तर नुसतं पाणीच साडेचारशे किलो भरतं. माती-दगड वेगळे. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा, यूट्यूबला मागाहून.

टबात १८ वॅटची छोटी मोटर सोडली. चोवीस तास चालली तरी महिन्याला १३ युनिटच्या आसपास जाते, म्हणजे बिलाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच निघाला. पहिल्याच रात्री सासूबाई उठल्या. स्वयंपाकघर, बेसिन, न्हाणी, सगळे नळ पिळून झाले, तरी आवाज थांबेना. मग मला उठवलं. "अगं, कुठंतरी पाणी वाया चाललंय."

दिवसाही तेच. सिलिंडर घेऊन येणारा, इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, दारात उभं राहून सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "वहिनी, नळ चालू राहिलाय." 'किती शांत वाटतं नाही!' असं एकाही माणसाच्या तोंडून आलं नाही. नर्सरीवाल्याने तर त्याच शांततेचे पैसे घेतले होते.

त्यात कुणाचं काही चुकत नाही. पाणी ठरल्या वेळेला येणाऱ्या गावात आमचे कान तयार झालेत. सासूबाई चाळीत राहायच्या तेव्हा भल्या पहाटे नळ आधी नुसती हवा फुंकायचा, मग दोन ठसके द्यायचा आणि मग धार. ती फुंकर ऐकू आली की अर्धवट झोपेतच हात हंड्याकडे जायचा. हंडा कितपत भरला हे बघायला दिवा लावावा लागत नसे. भरत आला की सूर चढतो, त्यावरून कळायचं. अजूनही त्या टीव्ही बघता बघता मोरीतली बादली भरल्याचं अचूक सांगतात. असल्या कानाला वाहतं पाणी म्हणजे विश्रांती नव्हे, हाक आहे. ऊठ, भर, झाकण ठेव. त्या हाकेवर निवांत चहा पीत बसा म्हणणं जरा जास्तच झालं.

ह्या टपटपीचा छडा केंब्रिज विद्यापीठात लागलाय. तिथले अनुराग अगरवाल एका मित्राकडे राहायला गेले होते. छप्पर गळत होतं, खाली भांडं ठेवलेलं, आणि तो आवाज त्यांच्या डोक्यात बसला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पडणाऱ्या थेंबाचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापला. थेंब पाण्यावर आपटल्याचा आवाज जवळपास नसतोच. थेंबाने पाण्यात खड्डा पडतो, तो मिटताना खाली हवेचा इवलासा बुडबुडा अडकतो, आणि तो थरथरला की आपल्याला टप् ऐकू येतं. त्यांनी उपायही देऊन ठेवलाय. बादलीतल्या पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घाला, पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण कमी होतो आणि आवाज बंद. मुसळधार पावसाच्या रात्री छताखाली बादली लावून झोपणाऱ्या ठाणेकराला ह्याहून उपयोगी संशोधन मला तरी माहीत नाही.

माझ्या टबात मासे सोडायचे होते, तेव्हा साबण बाद. पाइप खाली घेतला. पाणी जितकं कमी उंचीवरून पडतं तितकं कमी बोलतं. शेवटी धार पाण्याला जवळजवळ टेकली, सासूबाईंना झोप लागली, आणि नवऱ्याने विचारलं, "आता ऐकूच येत नाही, तर मोटर चालू कशाला ठेवायची?" मोटर निघाली. ती आता माळ्यावर आहे, दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्यात.

आणि कुंड खरं तिथून सुरू झालं. वॉटर लिलीला खळखळ आवडतच नाही. पानांवर सतत पाणी उडालं की ती खुरटते. आमच्याकडच्या नर्सऱ्यांत लिलीलाच सर्रास कमळ म्हणून खपवतात. ओळख सोपी आहे. कमळाचं पान अखंड गोल, देठ मधोमध, आणि ते पाण्याच्या वर डोकं काढतं. लिलीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापर्यंत एक चीर असते. मी चीर दाखवली तर नर्सरीवाला म्हणाला, "ताई, ठाण्याच्या हवेत चिरतं ते." एवढी हजरजबाबी नर्सरी सोडून दुसरीकडे कशाला जायचं? तिथूनच घेतली.

लिलीला चिकणमाती लागते, शेणखत-गांडूळखत अजिबात नको. खत पाण्यात उतरतं, शेवाळ माजतं आणि टबात पालकाचं सूप तयार होतं. मातीवर जाड वाळूचा थर द्यायचा, नाहीतर मासे उकरून पाणी गढूळ करतात. एवढं करूनही पहिले काही आठवडे पाणी हिरवं होतंच. तेव्हा ते बदलायची भारी खुमखुमी येते. बदलू नये. पानं वाढून सावली धरली की आपोआप निवळतं.

नर्सरीवाला सोबत जलपर्णीही फुकट देत होता, जांभळी फुलं दाखवून. ती मी घेतली नाही. उल्हास नदीवर तिचा हिरवा गालिचा पाहिलेल्या माणसाला ती फुलं सुंदर दिसत नाहीत. दक्षिण अमेरिकेची पाहुणी, इथे नदीच बळकावून बसली.

डासांचं सांगायला हवं, कारण सोसायटीचा पहिला आक्षेप तोच असतो, आणि रास्त असतो. डेंग्यूचा डास आपल्यासारखाच स्वच्छ पाण्याचा भोक्ता. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करायला सांगतात. अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, कडा घासावी लागते, ती ह्यासाठी. कुंड दर आठवड्याला घासणं शक्य नसतं, तिथे गप्पी मासे. अळी शेपटाकडची नळी वर काढून श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी लटकते. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला उघडतं. एवढी सोयीची पंगत दुसरीकडे नसेल. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, त्यामुळे थोड्याच दिवसांत आम्ही मासे वाटत सुटलो. फक्त तलावात सोडायचे नाहीत, ही अट. तेही दक्षिण अमेरिकेचेच, स्थानिक माशांच्या ताटात हात घालतात.

पालिकेचा माणूस बॅटरी घेऊन तपासायला आला तेव्हा मी कुंडापाशी थोडी ऐटीत उभी होते. त्याने एक नजर टाकली, "गप्पी आहेत, बरं केलंत," म्हणाला आणि पुढचा प्रश्न टाकला, "फ्रिजच्या मागचा ट्रे दाखवा." अनुभवी माणूस.

कडेला एक चपटा दगड अर्धा बुडवून ठेवलाय, कारण खोल पाण्यात पाखरं उतरत नाहीत. बुलबुल येतात, घाईघाईत अंघोळ उरकून जातात. एकदा खंड्या आला. कपड्यांच्या तारेवर बसला, लालभडक चोच, पाठ अशी निळी की बाकी मागचं दार एकदम मळकट वाटायला लागलं. कुंडाकडे मान वाकडी करून बराच वेळ बघत होता. मी मनातल्या मनात गप्पींचा हिशेब सोडून दिला. त्याने झेप घेतली ती थेट भिंतीकडे. पाल उचलली, परत तारेवर येऊन दोनदा आपटली आणि गिळली. हा मोठा खंड्या माशांपेक्षा किडे, सरडे, पालींवरच जास्त जगतो. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. पालीशी त्यांचं जन्माचं वैर. त्या दिवसापासून डबक्याला त्या कुंड म्हणू लागल्या.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर निरोप आला: दुरुस्तीसाठी शुक्रवारी दिवसभर पाणी बंद. मी पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरायला काढला. सासूबाई शांतपणे शेंगा सोलत होत्या.

"एवढी धावपळ कशाला? संडासापुरतं कुंडात आहे की."

"आई, मासे आहेत त्यात!"

"मग बादलीत काढ ना मासे."

"आणि लिली?"

"तिला काय, चिखल पुरतो."