तोक्योच्या पत्त्यात क्योतो कुठून आलं

काही वर्षांपूर्वी जपानमधल्या एका ट्रॅव्हल साइटचं सर्च आमच्या टीमकडे आलं, आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार आली की क्योतोची हॉटेलं शोधली तर तोक्योची येतायत. दोन शहरांमध्ये शिनकानसेन या बुलेट ट्रेननेसुद्धा दोन तासांवर अंतर आहे, त्यामुळे हे काही 'जवळपासची हॉटेलं' म्हणून खपण्यासारखं नव्हतं. मला तेव्हा जपानीचं एक अक्षर येत नव्हतं. दोन दिवस मी डेटा तपासत बसले, पत्ते चुकीचे भरलेत का, शहरांचे कोड उलटे पडलेत का, सगळं बघितलं, सगळं बरोबर होतं.

शेवटी तिकडच्या एका सहकारीण बाईंनी कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखवलं. तोक्यो हे शहर म्हणून आपण ओळखतो पण पत्त्यात त्याचं प्रशासकीय नाव येतं, तोक्यो-तो. लिहायला तीन कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अक्षर-चित्रं: तो म्हणजे पूर्व, क्यो म्हणजे राजधानी, आणि शेवटचा तो म्हणजे महानगर (पहिला आणि शेवटचा उच्चाराला जवळपास सारखे, चित्रं मात्र वेगळी). आता पहिलं चित्र झाका आणि उरलेली दोन वाचा. क्यो-तो. तेच, अगदी तीच दोन चित्रं, क्योतो शहराच्या नावाची. म्हणजे तोक्योच्या प्रत्येक पत्त्यात क्योतो अख्खंच्या अख्खं बसलेलं आहे, आणि देवनागरीत लिहिलं तरी दिसतं बघा: तोक्योतो.

आमचं सर्च मजकुराच्या दोन-दोन चित्रांच्या जोड्या करत होतं, एकमेकींवर चढलेल्या. पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, असं पुढे. याला बायग्रॅम म्हणतात, ल्युसीन या सर्च बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चिनी-जपानी-कोरियनसाठी हे तयारच मिळतं, भाषा कळायची गरज नाही, डिक्शनरी लागत नाही, म्हणून आधीच्या टीमने तेच लावून ठेवलं होतं. त्यामुळे तोक्योतोच्या जोड्या झाल्या तोक्यो आणि क्योतो, आणि क्योतो शोधणाऱ्याला दुसरी जोडी सापडली.

हे इतकं का करावं लागतं, तर सर्च इंजिन म्हणजे शेवटी पुस्तकाच्या मागची शब्दसूची, इंडेक्स, असते, कुठला शब्द कुठल्या पानावर एवढंच तिला माहीत असतं, आणि सूची करायची तर आधी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळायला हवं. मराठीत आपण स्पेसवर तोडतो आणि मोकळे होतो. चिनी आणि जपानीत शब्दांमध्ये स्पेसच नसते. मला हे आधी फार परकं वाटलं होतं, मग आठवलं की आपल्या मोडीतसुद्धा शब्द तोडायची पद्धत नव्हती, आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं, वाचणारा मनात तोडून घ्यायचा. 'तीनदातेआले' असं लिहिलं तर तीन दाते आले की तीनदा ते आले? अक्षरं तीच आहेत. पुढचं-मागचं वाक्य कळल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मशीनला जपानीच्या प्रत्येक वाक्यात हेच ठरवायचं असतं.

तर मग आम्ही डिक्शनरीवाल्या पद्धतीकडे वळलो. जपानीसाठी मेकॅब नावाचं फार जुनं आणि अजूनही वापरात असलेलं टूल आहे, ताकू कुदो यांनी लिहिलेलं, आणि नाव त्यांच्या आवडत्या मेकाबू या समुद्री शैवालावरून ठेवलंय. त्याच धाटणीचं जावामधलं कुरोमोजी, ते २०१२ मध्ये ल्युसीनमध्ये आलं आणि आम्ही ते घेतलं. त्याचं काम बघायला मला अजूनही मजा येते. वाक्यात डिक्शनरीतले जे जे शब्द बसू शकतात ते सगळे मांडायचे, एकावर एक, त्याचं एक जाळं तयार होतं, प्रत्येक शब्दाला एक किंमत आणि कुठल्या प्रकारच्या शब्दानंतर कुठल्या प्रकारचा आला तर त्या जोडणीलाही किंमत, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यात स्वस्त वाट शोधायची. वाट शोधायची रीत अँड्र्यू व्हिटर्बी या इंजिनिअरची, १९६७ ची, ती मुळात गोंगाटातून आलेला सिग्नल ओळखायला काढली होती. तोक्योतोमध्ये 'तोक्यो + तो' ही वाट स्वस्त पडते, 'पूर्व + क्योतो' महाग पडते, झालं.

जपानी लोक याचं एक उदाहरण नेहमी देतात, गाइकोकुजिन सानसेइकेन, म्हणजे परदेशी नागरिकांचा मतदानाचा हक्क. सहा चित्रं. यातली मधली दोन चित्रं एकत्र घेतली की होतं निनजिन, म्हणजे गाजर, आणि उरलेल्यांचेही शब्द होतात, परदेश आणि सत्ता. परदेश, गाजर, सत्ता. तिन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, एकही चित्र वाया जात नाही, म्हणून तोडणी चुकली हे नुसत्या डिक्शनरीला कळूच शकत नाही, ते जोडणीच्या किमतीतूनच कळतं.

मला वाटलं प्रश्न सुटला. पण व्याकरणाला बरोबर वाटणारी तोडणी आणि शोधणाऱ्याला उपयोगी पडणारी तोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त वेळ हे समजून घेण्यात जातो. कानसाई आंतरराष्ट्रीय विमानतळ, कानसाई कोकुसाई कूको, डिक्शनरीत एकच शब्द आहे कारण ते एक नाव आहे. बरोबरच आहे. पण मग कोणी नुसतं कूको, विमानतळ, टाकलं तर हे पान सापडत नाही. म्हणून कुरोमोजीला एक सर्च मोड आहे, त्यात दोनपेक्षा जास्त कांजीच्या लांब शब्दावर मुद्दाम जादा दंड लावलेला असतो म्हणजे तो तुकड्यांत जाणं स्वस्त पडतं, आणि हवं तर अख्खा शब्दही सोबत ठेवता येतो.

डिक्शनरीचं दुसरं दुखणं म्हणजे ती जुनी होते. कुरोमोजीसोबत येणारी आयपाडिक ही डिक्शनरी २००७ ची आहे. १ मे २०१९ ला जपानमध्ये रेइवा हे नवीन युग सुरू झालं, तारखा त्याच नावाने लिहिल्या जातात, पण २००७ च्या डिक्शनरीत रेइवा असणार कसं? त्याचे दोन तुकडे होत होते. मी घाईघाईत आमच्या यूजर डिक्शनरीत, म्हणजे आपण भर घालायच्या यादीत, रेइवा टाकलं, सोबत वीस-पंचवीस नवीन हॉटेलांची नावं टाकली, डिप्लॉय केलं आणि घरी गेले. सकाळी बघते तर नेमकी तीच हॉटेलं गायब. कारण टाइप केलेली क्वेरी आता नवीन डिक्शनरीने तुटत होती, अख्खा एक शब्द, आणि इंडेक्समध्ये जुनेच तुकडे पडलेले होते, दोघांची गाठच पडेना. सगळं परत इंडेक्स करायला सहा तास लागले आणि त्या सहा तासांत त्या हॉटेलवाल्यांचं बुकिंग माझ्यामुळे बुडालं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं. चुकीची पण दोन्हीकडे सारखी तोडणी चालून जाते, बरोबर पण एकाच बाजूला केलेली चालत नाही.

बायग्रॅम आम्ही काढून टाकले नाहीत हेही सांगायला हवं. आता दोन फील्ड आहेत, एक डिक्शनरीने तोडलेलं, त्याला वजन जास्त, आणि एक बायग्रॅमचं, कमी वजनाचं, म्हणजे डिक्शनरीला माहीत नसलेलं एखादं छोट्या गावातल्या सरायचं नावही तळाशी का होईना पण सापडतं. त्यातही एक भोक होतं: कोणी एकच चित्र टाकलं तर जोडी होतच नाही. आमच्या लॉगमध्ये शून्य रिझल्ट आलेल्या क्वेरींत एक चित्र सारखं दिसायचं, उच्चार चा, अर्थ चहा. (आपला चहासुद्धा त्याच चिनी शब्दावरून फिरत फिरत आलेला.) लोक चहा-समारंभाचे अनुभव शोधत होते आणि आम्ही त्यांना रिकामं पान दाखवत होतो, का तर सूचीत सगळ्या जोड्याच होत्या. सुट्टी चित्रंही इंडेक्समध्ये ठेवायचा ऑप्शन होता, एका ओळीचं सेटिंग.

चिनीबद्दल थोडक्यात, कारण त्यात मी कमी काम केलंय. तिकडचं गाजलेलं उदाहरण नानजिंगच्या यांगत्से नदीवरच्या पुलाचं, १९६८ साली सुरू झालेला. नदीचं चिनी नाव छांगच्यांग. 'नानजिंग शहर, छांगच्यांग महापूल' असं तोडायचं, पण एक चित्र इकडचं तिकडे सरकलं की 'नानजिंगचे महापौर, च्यांग ताछ्याओ' होतं, पुलाचा माणूस होतो. त्या एका चित्राचा उच्चारही बदलतो, लांब या अर्थी छांग आणि प्रमुख या अर्थी चांग.

कोरियन मात्र मला घरचं वाटलं. त्यांच्याकडे स्पेस आहे, १८९६ च्या तोंगनिप शिनमुन या पेपरने शब्द सोडून छापायला सुरुवात केली आणि ते रुळलं. स्पेस चुकली तर काय होतं हे तिथे एका वाक्याने सांगतात: 'आबोजी-गा बांग-ए' म्हणजे बाबा खोलीत जातायत, आणि तेच 'आबोजी गाबांग-ए' तोडलं तर बाबा पिशवीत जातायत. पण खरी अडचण स्पेसची नाही, प्रत्ययांची आहे. हाक्क्यो म्हणजे शाळा, हाक्क्यो-ए शाळेला, हाक्क्यो-एसो शाळेत, हाक्क्यो-रुल म्हणजे कर्म. सगळं चिकटून. स्पेसवर तोडलं तर हे तीन वेगळे शब्द होतात आणि शाळा शोधणाऱ्याला एकही सापडत नाही. २०१८ मध्ये ल्युसीनमध्ये आलेलं नोरी नावाचं टूल हे प्रत्यय सोडवून बाजूला काढतं आणि नाम तेवढं ठेवतं.

ते चालताना बघितलं आणि मी त्याच रात्री माझ्या या ब्लॉगच्या सर्चमध्ये 'पाऊस' टाकून बघितला. पावसावर मी किती लिहिलंय तुम्हाला माहितीये. दोन पोस्ट आल्या. बाकी सगळीकडे पावसात, पावसाने, पावसाचा. कोरियनमध्ये निदान नाम जसंच्या तसं राहतं, हाक्क्यो हाक्क्योच असतं, आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधी सामान्यरूप होतं, पाऊसचं पावसा, विहीरचं विहिरी, त्यामुळे नुसता प्रत्यय काढूनही भागत नाही आणि बायग्रॅमही कामाला येत नाही, पा-ऊ-स आणि पा-व-सा-त यात एकही जोडी सारखी नाहीये.

म्हणून गेले काही महिने रविवारी बसून मी एक डिक्शनरी करतेय, नाम आणि त्याचं सामान्यरूप शेजारी शेजारी. सहाशेच्या आसपास झालीत. विहीर, बहीण, पाऊस, फणस, सासू झालं. गावांच्या नावांना अजून हात लावलेला नाही, आणि तिथे गंमत आहे कारण पुणेचं पुण्यात होतं आणि ठाणेचं ठाण्यात पण दिल्ली दिल्लीतच राहते. तुमच्या भागातली वेगळी वळणारी गावं असतील तर खाली लिहा, जशी बोलता तशीच, मी यादीत घालते आणि इंडेक्स परत चालवते.