फाशाऐवजी काटा : रोटर-राउटर चालवून पाहताना

आलेखावरच्या (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्यावरच्या) यादृच्छिक चालीत प्रत्येक बिंदूवर फासा टाकून शेजारी निवडायचा असतो. रोटर-राउटरमध्ये फासा नाही, प्रत्येक बिंदूवर एक काटा असतो. सोंगटी आली की काटा ठरलेल्या क्रमाने एक घर सरकतो आणि सोंगटी तो दाखवेल तिकडे जाते. १९९६ मध्ये प्रिएझेव, दीपक धर, अभिषेक धर आणि सुप्रिया कृष्णमूर्ती यांनी ही चाल मांडली. दीपक धर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढे जिम प्रॉप यांनी ती स्वतंत्रपणे शोधली, म्हणून ‘प्रॉप यंत्र’ हेही नाव आहे.

प्रोग्राम लिहिण्याआधी कागदावर एक हिशेब करून घ्यावा. ०, १, २, ३ असे ओळीत चार बिंदू घ्या. सुरुवात १ वरून, ० किंवा ३ लागला की खेळ संपला; काटे मात्र आहेत तसेच राहू द्यायचे. दोन्ही काटे डावीकडे ठेवून सुरू केलं, तर निकाल ३, ०, ० असे येतात आणि काटे पुन्हा मूळ स्थितीत. फाशाने ३ गाठण्याची शक्यता १/३ आहे, इथे दर तीन खेळांत नेमका एकदा ३ येतो. आधी काटा फिरवायचा की आधी सोंगटी हलवायची, हे एकदाच ठरवा. मी दोन फंक्शनांत दोन वेगळे नियम लिहिले होते आणि हा हिशेब जुळेना, तेव्हाच ते ध्यानात आलं.

एका बिंदूवर हजारो सोंगट्या असतील तर एकेक हलवू नका. संख्येला शेजाऱ्यांच्या संख्येने भागा, भागाकार सगळ्यांना सारखा द्या, बाकी उरेल तेवढ्या काट्याच्या क्रमाने पुढच्यांना, आणि काटा बाकीइतका सरकवा. हे करताना जुनी आणि नवी अशा दोन अॅरे हव्यात. एकाच अॅरेत डावीकडून उजवीकडे गेलं, तर उजवीकडे ढकललेली सोंगटी त्याच पावलात पुन्हा हलते. बेरीज बरोबरच येत राहते, त्यामुळे बेरजेच्या तपासणीवर विसंबू नये.

रेषेवर मी मूळबिंदूवर १०,४८,५७६ म्हणजे २ चा २० वा घात इतक्या सोंगट्या ठेवतो. २० पावलांपर्यंत प्रत्येक वाटणी निःशेष होते, म्हणून शेवटी मध्यावर नेमक्या १,८४,७५६ हव्यात आणि सगळ्या विषम जागा रिकाम्या. पण एवढ्यावर खूश होण्यात अर्थ नाही, कारण या परीक्षेत काट्याची बाकी कधी वापरलीच जात नाही. नंतर १०,००,००१ घेऊन बघा. कुठल्याही जागी फाशाच्या चालीत अपेक्षित असलेल्या संख्येपासूनचा फरक कितीही पावलांनंतर साधारण २.२९ च्या आत राहतो, हे सिद्ध झालेलं आहे. त्यापुढे गेला तर चूक तुमची. अट एकच : सुरुवातीच्या सोंगट्या सगळ्या सम किंवा सगळ्या विषम जागांवर. मिसळल्या, तर एक गट दुसऱ्याचे काटे बिघडवतो आणि ती हमी उरत नाही.

मर्यादित आलेखावरची कसोटी मला सगळ्यात आवडते. एकटी सोंगटी जास्तीत जास्त २ × कडा × व्यास (सगळ्यात दूरच्या दोन बिंदूंमधलं कडांतलं अंतर) इतक्या पावलांत ऑयलर मंडलात शिरते : प्रत्येक कड, प्रत्येक दिशेने, एकदाच. १०×१० च्या जाळीत कडा १८०, व्यास १८; म्हणजे ६,४८० पावलं सोडून द्यायची आणि पुढे दर ३६० पावलांनी तोच फेरा दिसतो का ते पाहायचं. ३६० ऐवजी ४०० दिसले, तर काठावरचा काटा बाहेर दाखवतोय आणि सोंगटी जागच्या जागी राहतेय : चार बाजूंच्या ४० वाया पावलांचा तो फरक.

शक्यता असमान असतील तर काट्याच्या क्रमात दिशा त्या प्रमाणात लिहायच्या, पण पसरवून. ३/१० साठी तीन ‘उजवे’ एकाखाली एक लिहिले की फरक उगाच वाढतो.

हे सगळं सरासरीसाठी. वरच्या चार बिंदूंच्या खेळात ३०० फेऱ्यांत काट्याने ३ बरोबर १०० वेळा लागतो. फाशाने १०० च्या आसपास, प्रमाण विचलन (सरासरीपासून नेहमी पडणारा फरक) साधारण ८. तुम्हाला ते ८ मोजायचं असेल, तर फासाच टाकावा लागेल.