नरसाळ्याने मातीतले स्प्रिंगटेल काढणे: माझा अनुभव

स्प्रिंगटेल म्हणजे मातीत आणि पाचोळ्यात राहणारे, बिनपंखी, बारीक सहापायी जीव. बहुतेक एक-दोन मिलिमीटरचे, काही त्याहून लहान. ते हाताने वेचणे अशक्यच, म्हणून मी बर्लीझ-टुलग्रेन नरसाळे वापरतो. इटलीचे कीटकशास्त्रज्ञ बर्लीझ यांनी १९०५ मध्ये ही युक्ती मांडली. स्वीडनचे टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये वर दिवा लावला. माती वरून सुकत जाते, किडे ओलीच्या मागे खाली सरकतात आणि नरसाळ्यातून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात.

५ सेंमी व्यासाचा पाइप जमिनीत ५ सेंमी खोल दाबून नमुना काढायचा आणि न फोडता २ मिमीच्या जाळीवर उलटा ठेवायचा. जमिनीच्या वरच्या थरातली भोके मोठी असतात. ती खाली आली की किड्यांना वाट सोपी जाते. माती कुस्करली तर बाटलीत गाळच जास्त जमतो.

सगळे बिघडते ते दिव्यापाशी. पिवळा उजेड देणारा जुना २५ वॅटचा बल्ब हवा. एलईडीची ऊब पुरत नाही. बल्ब आधी उंच टांगून रोज थोडा खाली आणायचा आणि पाच ते सात दिवस द्यायचे. घाई केली की पिल्ले आणि खोल थरातले पांढरे, बिनडोळ्यांचे, पातळ कातडीचे स्प्रिंगटेल वाटेतच सुकून मरतात. बाटलीत येतात ती वरच्या पाचोळ्यातली रंगीत, केसाळ मंडळी, आणि खोलवर काही नाहीच असा चुकीचा निष्कर्ष निघतो. माती फार ओली असेल तर पहिला दिवस दिवा नकोच. नाहीतर नरसाळ्याच्या आतून पाणी धरते आणि बारके किडे थेंबांना चिकटून बसतात.

अल्कोहोल ७० ते ८० टक्के असावे. पातळ झाले तर पाणी न धरणारी त्यांची कातडी त्यांना वरच तरंगत ठेवते. त्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले की अल्कोहोल उडाले तरी नमुने कडक होत नाहीत.

बाटलीत माइट (कोळ्यांचे बारीक नातलग) भरपूर असतात: त्यांना मिशा नसतात आणि मोठ्यांना पाय आठ. स्प्रिंगटेलला पाय सहा, मिशा दोन. ओळख मात्र पोटाखालच्या, उडी मारायच्या दुबेळक्या काट्यावरून करू नये. खोल थरातल्या कित्येक जातींना तो नसतोच. पोटाच्या पहिल्या खंडाखालची छोटी नळी बघावी, ती सगळ्यांना असते.

जिवंत हवे असतील तर अल्कोहोलऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोळशाची पूड (वजनाने ९:१) ओतून घट्ट केलेला, ओलसर डबा खाली ठेवतो. खायला कोरडे यीस्ट, चार-दोन दाणेच. उरले की बुरशी धरते.