खताच्या पोत्याची खोळ

आळंदीहून पंढरीच्या वारीला निघताना माझ्या पिशवीत सहा टी-शर्ट, दोन जीन्स, एक जाड स्वेटर आणि नवाकोरा रेनकोट होता. दिंडीच्या ट्रकवर सामान चढवणाऱ्यानं ती पिशवी हातात तोलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता वर भिरकावली.

ट्रकाचं गणित त्याच दिवशी कळलं. सकाळी चढलेली पिशवी भेटणार थेट मुक्कामाला, तीही ट्रक आपल्याआधी पोचला तर. दिवसभर जे लागेल ते अंगावर, नाहीतर खांद्यावर. सहा टी-शर्ट वर आरामात बसून चालले होते आणि त्यांचा मालक सातव्यात घामानं निथळत मागून चालत होता.

पुण्यातला मुक्काम आटोपला. पुणे-सासवड ही सगळ्यात लांब मजल, तीसेक किलोमीटरची, आणि मध्ये दिवेघाट. पायथ्याशी ऊन भाजत होतं, निम्म्या चढाला आभाळ फुटलं. मी ऐटीत रेनकोट चढवला, चेन गळ्यापर्यंत ओढली. दहा मिनिटांत आतून भिजलो. पाऊस बाहेर राहिला, पण घामालाही बाहेर पडायला वाट नव्हती. जीन्स पाणी पिऊन दगडासारखी जड झाली आणि मांड्यांना घासू लागली. सुती मोज्यांत टाच सोलली. पुढे टाळ चालले होते, ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’ चालू होतं, आणि माझ्या डोक्यात फक्त मांड्या होत्या. मागचा एकजण ‘चला माऊली, चला’ म्हणत सारखा पाठीवर हात ठेवत होता. तो हात झटकावासा वाटला. झटकला नाही, एवढंच.

कडेच्या दगडावर आमच्याच दिंडीतल्या एक आजी बसल्या होत्या. म्हणाल्या, “काढ ते. आत उकडून मरशील.”

त्यांनी गाठोड्यातून खताचं धुतलेलं रिकामं पोतं काढलं. तळाचा एक कोपरा आत दाबून दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला, मूठ घालून टोक नीट बसवलं, एक झटका दिला. खोळ तयार. माझ्या डोक्यावर चढवून पाठीवरून खाली सोडली. डोकं आणि पाठ झाकलेली, पुढून उघडी. वारा छातीला लागला आणि मी पहिल्यांदा वर पाहिलं. वळणावळणांवर पताकाच पताका.

रेनकोट आजींनी काखोटीला मारला. परत मागायचं धाडस मला झालं नाही.

सासवडला पातळ लेंगा घेतला. सुती असला तरी विरविरीत, त्यामुळे पिळून तंबूच्या दोरीला टाकला की वारा असेल तर पहाटेपर्यंत बराच सुकायचा. जीन्स दोन दिवस ओलीच. झटपट सुकणारा एक पॉलिस्टरचा टी-शर्ट होता, तो तिसऱ्या दिवशी असा वास मारू लागला की भजनाला शेजारचे सरकून बसले. उपरणं मात्र उन्हात डोक्याला, नीरेत अंघोळीनंतर अंग पुसायला आणि रात्री पांघरायला. झोपायचा कोरडा जोड दिवसा अंगाला लावायचा नाही, हेही शिकलो. पण पहाटे तीनला तो काढून कालचा दमट सदरा पुन्हा चढवताना विठ्ठलाचं नाव भक्तीनं घेतलं असं म्हणणार नाही.

जेजुरी, वाल्हे, लोणंद, कुठला दिवस कुठला ते आता सांगता येत नाही. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला रिंगणात घोडा धावला तेव्हा मी रडलो. का, ते माहीत नाही. टाच तेव्हाही ठणकत होती.

पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला आजींनी रेनकोट व्यवस्थित घडी घालून परत दिला. रोज रात्री अंथरुणाखाली घालत होत्या म्हणे. मी खोळ पुढे केली, तर ती घेईनात.

“आन् ते तुझं घे बाबा,” म्हणाल्या. “ओल लागली न्हाई, पर लई गुळगुळीत. झोपंत घसरत व्हते.”