बसलेली इंजिनं आणि आमची शेड : आमची वाटचाल

आमच्याकडं येणाऱ्या गाड्या बहुतेक टेंपोतून येतात. कुणी खानापूरकडच्या जुन्या घराच्या गोठ्यातून, कुणी चंदगडहून, कुणी गोव्यातून चोर्ला घाट चढून. स्वतःच्या चाकांवर आलेली गाडी दिसली की आमची पोरं विचारतात, "पत्ता चुकलाय काय?" वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं बसलेलं, म्हणजे आतून जाम होऊन फिरेनासं झालेलं, इंजिन सोडवणं हे आता आमचं मुख्य काम झालंय.

सुरुवात तशी नव्हती. बाबा बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर कामाला होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली आणि लिलावातल्या जीपा, उसाचे ट्रॅक्टर, अँबेसेडर, प्रीमियर पद्मिनी, जे दारात येईल ते उघडायला लागले. बोर्ड कन्नडमध्ये, गिऱ्हाइकाशी बोलणं मराठीत, पार्टांची नावं इंग्रजीत आणि शिव्या तिन्ही भाषांत, हा कारभार तेव्हापासूनचा. पुढं इंजेक्शनच्या गाड्या आल्या, कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं झाली, रोजची सर्व्हिसिंगची कामं तिकडं गेली. स्कॅनर घेऊन या इंजेक्शनच्या गाड्या तपासायच्या की जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांवरच राहायचं, हे ठरवायची पाळी माझ्यावर आली. मी कार्बोरेटर धरला, आणि त्यात भावनेपेक्षा हिशेब जास्त होता. बोअर मारणारा, क्रँक घासणारा, बुश ओतून देणारा फौंड्रीवाला, सगळे आमच्यापासून सायकलच्या अंतरावर. ही सोय पुण्या-मुंबईच्या गॅरेजवाल्यालाही सहज मिळत नाही.

काम खरं वाढलं ते 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, चिकोडीकडं कृष्णा आणि गोकाककडं घटप्रभा पात्राबाहेर होती. पाण्यात बुडालेल्या गाड्या महिनाभर येत राहिल्या. त्यात दोन जाती सरळ दिसायच्या. ज्यांनी पाणी ओसरल्यावर सेल्फला हात न लावता गाडी तशीच पाठवली, त्यांचे प्लग काढून पाणी बाहेर फेकलं, ऑइल बदललं आणि इंजिन वाचलं. ज्यांनी "बघू तरी लागतीय काय" म्हणून सेल्फ मारला, त्यांतल्या काहींचे कनेक्टिंग रॉड वाकले. पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग मधला रॉड वाकतो. त्या महिन्यात आमचं नाव रायबाग-अथणीपर्यंत गेलं.

आता मूळ कामाबद्दल. गिऱ्हाईक म्हणतं "इंजिन बसलंय", पण ते आम्ही लगेच मान्य करत नाही. आधी पट्टा सोडायचा, कारण कधी डायनॅमो किंवा वॉटर पंप जाम असतो आणि बोल इंजिनला लागतो. मग सेल्फ उतरवायचा. त्याचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलेलं असलं तर काम तिथंच संपतं. गिअर न्यूट्रल आहे ना, हेही बघावं लागतं. हसू नका, गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढलेली, 'जाम' म्हणून टेंपोत घातलेली गाडी आम्ही उतरवून घेतलेली आहे. थोडं फिरून खटकन थांबत असेल तर आत काहीतरी आडवं आलंय. अजिबात हलत नसेल तर दोनच शक्यता : गंज, नाहीतर गरम होऊन धरलेलं इंजिन. दुसरीसाठी चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाचं, ऑइल एका पांढऱ्या थाळीत काढतो. त्यात बेअरिंगचा चकचकीत चुरा दिसला की वरून कितीही औषध ओता, उपयोग नाही, इंजिन खाली उतरवावंच लागतं. गिऱ्हाइकाला थाळी दाखवतो, त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

गंजाची गोष्ट वेगळी. उभ्या गाडीच्या इंजिनात एखाद-दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. तिथून ओल आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतात. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कौलाखाली ठेवलेल्या गाडीचं काय होत असेल, सांगायला नको. म्हणून चार सिलिंडर असले तरी बसलेले बहुधा एक किंवा दोन. कोणते, हे ओळखायची आमची रीत साधी आहे. प्लग काढून चारही भोकांतून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घालतो. ॲसिटोन भडकतं, त्यामुळं त्या दिवशी शेडमध्ये वेल्डिंग बंद. रोज प्रत्येक भोकात तार घालून पातळी बघायची. ज्याची पातळी उतरते त्याच्या रिंगांतून औषध वाट काढतंय. ज्याची जागची हलत नाही, गुन्हेगार तो.

मग थांबायचं. हा भाग नव्या पोरांना झेपत नाही. बाबांचं ठरलेलं असायचं, "पाना ठेव खाली. चहा घिऊन ये." लांब पाईप लावून दोघं जण लटकले की क्रँकचा नट तरी तुटतो नाहीतर पिस्टनचा घाघरा चिरतो, आणि स्वस्तातलं काम महाग होतं. हलवायला घ्यायच्या आधी रॉकरचा दांडा उतरवतो, म्हणजे अडकलेल्या व्हॉल्व्हनं पुशरॉड वाकत नाहीत. पुलीच्या नटावरून फक्त आवळायच्या दिशेनं जोर घ्यायचा. उलटं न्यायचं तर सेल्फच्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दात्यांना टॉमी (लोखंडी दांडा) लावायची. अँबेसेडरचं हँडल इथं कामाचं नाही, उलटं फिरवलं की ते सुटून येतं. केसभर हललं की लगेच पूर्ण फेरा मारायचा मोह होतो; आम्ही तेवढ्यावर सोडून पुन्हा ऑइल घालतो. मागं-पुढं, मागं-पुढं, उखळात रुतलेलं मुसळ हलवून काढावं तसं. गंजाची भुकटी रिंगेखाली चिमटली तर बोअरवर ओरखडा कायमचा.

सुटलं की वरचं सगळं औषध चेंबरमध्ये उतरलेलं असतं, त्यामुळं ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करत नाही. हातानं फिरवून झाल्यावर कॉम्प्रेशन बघतो. चार सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असला तर मालकाला फोन.

न सुटलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायचं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडी. दोघांनी एकमेकांना असं धरलेलं असतं की इंजिनापेक्षा हेडच जास्त छळतं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला आमच्याकडं मनाई आहे. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकतो, पण जो अधेमधे उभा आहे त्याच्यावरच. अगदी वर किंवा अगदी खाली असलेल्या पिस्टनवर घाव घातला तर क्रँक फिरत नाही, मार सरळ बेअरिंग खातं. नंतर बोअरवर नख फिरवायचं. रिंग चालते त्या पट्ट्यात खड्डा लागला तर वीस, तीस किंवा चाळीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठा बोअर मारून त्या मापाचे पिस्टन. नाही लागला तर होनिंगवर, म्हणजे बोअर हलका घासून, भागतं.

पैशाचं सांगतो, कारण धंद्याची वाटचाल म्हणजे शेवटी तेच. आम्ही दोन टप्प्यांत दर ठरवतो. औषध घालून सोडवायचा दर वेगळा आणि ठरलेला. हेड उघडायचं झालं तर पुन्हा विचारणार, नवीन कागद करणार. पहिल्या टप्प्यावर कमाई फार नाही, कारण गाडी जागा अडवून नुसती उभी असते. दुसऱ्या टप्प्याचा आकडा ऐकून बरेच जण गप्प होतात आणि गाडी आमच्याच आवारात राहते. "अण्णा, विकाय नको म्हणायलेत आई, पण एवढं खर्चाय पण जमंना," असं सांगणाऱ्यावर चिडता येत नाही. तरी आता जागेचं भाडं पहिल्याच कागदावर लिहून घेतो. त्यात 2022 च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढं न्यायची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींची 2025 मध्ये आणखी वाढली. इंजिनवर खर्च करण्याआधी आरसी बुक बघू दे, हे मी हल्ली आधी बोलतो. गाडी एमएच 09 ची (कोल्हापूरची) आणि मालक केए 22 मधला (बेळगावचा) असला तर कागदांना इंजिनापेक्षा जास्त वेळ लागतो.

पार्टांची चणचण वाढत चाललीय. पद्मिनीचा माल मुंबईत कुर्ल्याला मिळायचा, कारण तिथं टॅक्स्या होत्या. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि दुकानदारांनी नवा माल भरणं जवळपास सोडलं. आम्ही रिंगा, गॅस्केट आणि पंपाचे किट दिसतील तिथं उचलून ठेवतो. बुश आणि छोटे ओतीव भाग इथंच करून घेतो. अँबेसेडरचं अजून बरं आहे.

सध्या शेडमध्ये दोन मेस्त्री, तीन पोरं आणि मी. बाबा सकाळी येतात, तार घालून पातळ्या बघतात, वहीत लिहितात आणि जेवायला घरी जातात.

गाडी पाठवायची असेल तर आधी फोटो पाठवा, बॅटरी काढून ठेवा, टाकीतलं जुनं पेट्रोल तसंच राहू द्या, ते आम्ही काढतो. सेल्फ मारू नका, दुसऱ्या गाडीनं ओढून गिअरमध्ये सोडू नका. आणि उंदरांनी एअर क्लीनरमध्ये घर केलंय का, तेवढं झाकण उघडून बघा.