डबा उघडा, कॅमेरा बंद

उत्रेख्तला येऊन मला आता आठ वर्षं होतील, पण मी नक्की काय काम करते हे नारायण पेठेतल्या आमच्या घरात अजून कुणाला पटवून देता आलेलं नाही. गेल्या जूनमध्ये पोहे परतता परतता आईने पुन्हा विचारलं. म्हटलं, मी स्क्रम मास्टर आहे. स्क्रम ही टीमने मिळून काम करायची एक पद्धत. सॉफ्टवेअर बनवणारी आमची नऊ जणांची टीम. चौघं इकडे नेदरलँड्समध्ये, पाच जण हिंजवडीत. दोन आठवड्यांत काय करायचं ते आधी ठरवायचं, रोज पंधरा मिनिटं भेटायचं, शेवटी जे झालं ते दाखवायचं आणि जे बिनसलं त्यावर बोलायचं. हे सगळं नीट होतंय ना, ते मी बघते.

"म्हणजे मुकादम."

"मुकादम नाही गं. मला कुणाला काम सांगायचा अधिकारच नाही."

"मग पगार कशाचा?"

बाबा पेपरमागे हसले. मीही हसले, पण त्याच आठवड्यात असं काही घडलं की आईचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता असं वाटायला लागलं.

झालं असं होतं की एप्रिलपासून आमच्या रोजच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे त्या पंधरा मिनिटांच्या ऑनलाइन भेटीत, पुण्याचे सगळे कॅमेरे बंद असायचे. उत्तरंही तुटक. काल हे केलं, आज ते करणार, अडचण काही नाही, संपलं. आधी असं नव्हतं. इथल्या आमच्या एका डेव्हलपरने कॉफी मशीनपाशी मला सरळ सांगितलं की पुण्याच्या लोकांचा या कामातला रस गेलाय. (डच माणूस असं बोलतो तेव्हा तो रागावलेला असतोच असं नाही. 'आज पाऊस आहे' हेही तो त्याच सुरात सांगतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली.) मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. मग माझ्या धंद्यातली माणसं जे करतात ते मी केलं. कॅमेरा चालू ठेवल्याने एकमेकांशी नातं कसं जुळतं यावर एक गोड मेसेज टाकला आणि सोमवारी सुरुवातीला एक छोटा खेळ ठेवला. दोन दिवस कॅमेरे चालू झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच काळ्या चौकटी.

जूनमध्ये सुट्टीला जोडून दोन आठवडे हिंजवडीच्या ऑफिसातून काम करायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी फेज टूला पोचायला किती वेळ लागला ते लिहीत नाही, पुणेकरांना माहीत आहे आणि बाकीच्यांना खोटं वाटेल. एक वाजता स्टँड-अप. मी मीटिंग रूममध्ये जाऊन बसले. कुणीच नाही. बाहेर येऊन बघते तर पाचही जण आपापल्या जागेवर, कानाला हेडफोन आणि समोर डबे उघडलेले. आमच्या टेस्टरचा डावा हात म्यूटच्या बटणावर होता, उजव्या हातात मेथीची भाजी लावलेला पोळीचा घास. त्याची पाळी आली. घास तसाच धरून त्याने बटण दाबलं, इंग्रजीत "माझ्याकडून काही अडचण नाही" म्हणाला, बटण पुन्हा दाबलं आणि घास तोंडात टाकला.

अडचण नाही कशी? अख्खी अडचण त्याच्या तळहातात होती.

भारताचं घड्याळ वर्षभर एकच. नेदरलँड्समध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. म्हणजे हिवाळ्यात पुणे आमच्या साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. मीटिंग मी माझ्या कॅलेंडरमध्ये सकाळी साडेनऊची लावलेली. ती माझ्यासाठी बाराही महिने साडेनऊलाच राहिली. पुण्यात ती मार्चच्या त्या सोमवारी दोनवरून एकवर आली. कुणी कशाला हात न लावता.

"मीटिंग संपवून कॅन्टीनला गेलं की पोळ्या संपलेल्या असतात, ताई," टेस्टर म्हणाला. "म्हणून सगळ्यांनी डबा आणायला सुरुवात केली."

"अरे, पण तीन महिने! सांगायचं ना मला."

तो जरा घुटमळला. "मीटिंग तुम्हीच लावली होती ना."

स्क्रम गाइड नावाची जेमतेम तेरा-चौदा पानांची पुस्तिका आहे. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड या दोघांनी लिहिलेली, 2020 ची आवृत्ती सध्या चालते. ती मला जवळजवळ पाठ आहे. रोजची भेट रोज त्याच वेळी आणि त्याच जागी घ्यावी असं त्यात लिहिलंय. कुणाच्या घड्याळातली 'तीच वेळ', हे काही लिहिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे काल काय, आज काय, अडचण काय हे तीन ठरलेले प्रश्न या आवृत्तीतून काढूनही टाकलेत. आम्ही मात्र ते संध्येसारखे रोज म्हणत होतो.

त्या दुपारी चहाच्या टपरीवर टेस्टरने मला आणखी एक गोष्ट दाखवली. खरं तर चुकून दाखवली. मोबाइलवर फोटो दाखवताना वरून एक मेसेज सरकला, ग्रुपचं नाव 'फक्त पुणे'. मी काही बोलले नाही, पण त्याचाच चेहरा पडला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

आम्ही कामाचा अंदाज पत्त्यांवर करतो. 1, 2, 3, 5, 8, 13 असे आकडे. काम जितकं अवघड तितका मोठा आकडा. ऑनलाइन प्रत्येकाने आपला पत्ता झाकून टाकायचा आणि सगळ्यांचे एकदम उघडायचे. एकदम अशासाठी, की सीनियरचा आकडा बघून बाकीच्यांनी माना डोलावू नयेत. आमच्याकडे पुण्याचे पाचही पत्ते नेहमी सारखे निघायचे. इथे त्याचं केवढं कौतुक! पुण्यात काय एकमत आहे! आता कळलं, की पत्ते टाकायच्या आधी 'फक्त पुणे'वर मेसेज जायचा, "सगळ्यांनी 8 टाका."

का, ते विचारल्यावर जे कळलं त्यावर हसता आलं नाही. त्यातल्या दोघांना जुन्या नोकरीत अनुभव आला होता. अंदाज 3 चा दिला, काम लांबलं, आणि वर्षाच्या शेवटी मॅनेजरने तोच 3 त्यांच्यासमोर ठेवला. अंदाज हा अंदाज असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं; उलट तो कबुलीजबाब असतो हे नीट शिकवलं होतं. गाइडमध्ये या आकड्यांचा उल्लेखसुद्धा नाही, ते लोकांनी बाहेरून जोडलेलं साधन. पण साधन कुणाच्या हातात आहे यावर ठरतं. एकट्याने चुकण्यापेक्षा पाच जणांनी मिळून चुकलेलं बरं, असा साधा हिशेब होता. मी त्यांच्या जागी असते तर ग्रुप मीच काढला असता.

दुसऱ्या आठवड्यात पालख्या पुण्यात आल्या. रस्ते बंद, हिंजवडीला जायचा प्रश्नच नव्हता. घरीच बैठकीच्या खोलीत लॅपटॉप मांडला. पहिल्यांदाच मी आमची मीटिंग पलीकडून बघत होते. उत्रेख्तला आम्ही चौघं एका खोलीत बसतो, भिंतीवर मोठा स्क्रीन, टेबलाच्या मध्यभागी एकच माइक. मी नेहमी त्या खोलीत असते, त्यामुळे इकडे काय ऐकू येतं ते मला माहीतच नव्हतं. एकाने कप टेबलावर ठेवला, तो माझ्या कानात फटाक्यासारखा वाजला. दुसरा खिडकीपाशी बसून बोलत होता, त्याचं अर्धं वाक्य पोचलंच नाही. मग कुणीतरी डचमध्ये काहीतरी पुटपुटलं आणि तिघंही हसले. मला डच येतं, तरी ऐकू आलं नाही. आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं, माझ्यावरच हसले.

मी बोलायला तोंड उघडायचे तोवर त्यांचं पुढचं सुरू व्हायचं. दोनदा असं झाल्यावर मी म्यूट केलं आणि गप्प बसले. नवव्या मिनिटाला लक्षात आलं की मी कॅमेराही बंद केलाय. खालून टाळ-मृदंगाचा आवाज येत होता, आई दारात उभी राहून खुणेने विचारत होती, येतेस का दर्शनाला? पंधरा मिनिटं संपायच्या आत माझा कामातला रस गेला होता.

2001 साली युटामधल्या स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा, म्हणजे स्क्रमसारख्या पद्धतींमागच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला. त्यातल्या बारा तत्त्वांपैकी एक असं, की माहिती पोचवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे समोरासमोर बोलणं. ते सतरा जण एका जागी होते, त्यांना काय! आमच्यासारख्यांचं समोरासमोर म्हणजे चौघांची पाठ आणि एक माइक.

परत गेल्यावर पहिला बदल तोच केला. एक जण जरी पलीकडे असेल तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर, आपापल्या हेडफोनवर. शेजारी बसलेले असले तरी. पहिले काही दिवस हास्यास्पद वाटलं. मीटिंगची वेळ पुण्याच्या घड्याळाला बांधली, कायम दुपारी दोन. उन्हाळ्यात आमच्याकडे ती साडेदहाला येते. आमचा डेव्हलपर म्हणाला, याने सकाळचे दोन तुकडे होतात. म्हटलं, होतात खरे.

सगळंच जमलं असं मात्र नाही. दर दोन आठवड्यांनी आम्ही काय बिनसलं यावर बोलतो, त्यात पुण्याकडून कधी काही यायचं नाही. निनावी बोर्ड ठेवला, तरी कोरा. कारण पाच जणांत 'काइंडली' कोण लिहितं हे सगळ्यांना ठाऊक. मग मला वाटलं, आधी अर्धा तास फक्त पुण्याशी मराठीत बोलावं. धो धो बोलले सगळे! मी खूश. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं, पाचातला एक कोइमतूरचा आहे, आणि तो त्या अर्ध्या तासात दर वेळी पाणी आणायला जातो. मी पालखीच्या दिवशी जे भोगलं तेच त्याला देत होते. ते बंद केलं. आता पहिली दहा मिनिटं नऊही जण न बोलता लिहितात आणि मग एकाचं लिहिलेलं दुसरा वाचून दाखवतो.

'बघतो' या शब्दाशी मात्र अजून झटापट चालू आहे. आपला 'बघतो' म्हणजे करतो, करणार नाही, कळलं नाही आणि आत्ता विषय वाढवू नका, यांपैकी काहीही. सुरावरून आपल्याला कळतं. त्याचं इंग्रजी झालं की सूर गळतो आणि नुसता होकार उरतो, आणि आमचा डच प्रॉडक्ट ओनर (कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवणारा माणूस) तो होकार वहीत टिपून घेतो. म्हणून मी "समजलं का?" विचारायचं सोडलं. त्याऐवजी विचारते, "यात सगळ्यात आधी कशाला हात घालणार?" उत्तर आलं तर समजलंय. उत्तराऐवजी 'बघतो' आलं तर अजून पाच मिनिटं थांबायचं.

जानेवारीतल्या एका प्लॅनिंगची गोष्ट. टीममधली सगळ्यात नवी मुलगी, कॉलेज संपवून वर्ष झालेलं. प्रॉडक्ट ओनरने एक काम याच स्प्रिंटमध्ये, म्हणजे याच दोन आठवड्यांत, बसेल का विचारलं. पुण्याच्या चौकटींमध्ये शांतता. मग तिने माइक चालू केला आणि म्हणाली, "नो. इट विल नॉट बी डन." पुढे ना सॉरी, ना काइंडली. पलीकडे तीन-चार सेकंद कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "ओके," ते काम यादीतून खाली सरकवलं आणि लॅपटॉप मिटला.

दोन मिनिटांत मला तिचा व्हॉट्सअॅप आला. "ताई, ते चिडले का?"

मी घड्याळ बघितलं. बारा वाजले होते.

"नाही गं. जेवायला गेला."