गवत तेच, जनावरं वेगळी

घोडी एकटी पडली म्हणून मेंढ्या आणल्या. तिच्या जोडीचा म्हातारा घोडा गेला आणि ती दिवसभर कुंपणालगत फेऱ्या मारायला लागली. महिनाभरात तिथलं गवत जाऊन पायवाट पडली. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आडवं व्हायला जवळ कुणीतरी राखणीला आहे असं वाटावं लागतं. आमची घोडी आडवी होणंच विसरली होती. दुसरा घोडा सांभाळण्याइतकी जागा नव्हती. तीन मेंढ्या मावत होत्या. सगळी गवत खाणारीच जनावरं, एका कुरणात चरतील, एका टाकीत पाणी पितील, काम कितीसं वाढणार? हा माझा हिशेब. पहिल्या वर्षात तो जवळजवळ प्रत्येक बाबतीत चुकला.

सुरुवात कुंपणापासून झाली. मेंढ्यांना चौकोनी तारेची जाळी लागते, नाहीतर त्या कुठूनही निसटतात. मी हौसेनं जाळी मारली. तिसऱ्याच दिवशी घोडीनं सवयीप्रमाणे पुढचा पाय आपटला आणि खूर जाळीत अडकला. अडकलेला घोडा थांबून विचार करत नाही, जीव खाऊन मागे ओढतो. नशिबानं मी दहा पावलांवर होते आणि तार कापायची पक्कड खिशात होती. त्यानंतर जाळीच्या आत दोन हातांवर, घोडीच्या छातीच्या उंचीला, रुंद पांढरी पट्टी बांधली. मेंढ्या तिच्याखालून आरामात जातात, घोडी जाळीपर्यंत पोचत नाही.

ओळख करून द्यायला पंधरा दिवस लागले. मेंढ्या आधी बाजूच्या वाडग्यात ठेवल्या होत्या. घोडी कान मागे टाकून, मान खाली घालून त्यांच्या रोखानं धावायची, त्या घोळक्यानं पळायच्या, आणि पळतात म्हणून ती आणखी चेकाळायची. मग एक दिवस काळी मेंढी पळायचंच विसरली. बसली होती तिथेच रवंथ करत राहिली. घोडीनं तिचा वास घेतला, फुरफुरली, आणि विषय संपला. चार दिवसांनी पहाटे बघते तर घोडी कुरणात पाय ताणून सपाट पडलेली. माझ्या पोटात गोळाच आला. जवळ गेले तर बाईसाहेब घोरत होत्या!

खरी चूक मात्र मी खाण्यात केली. घोडीसाठी खनिजांची चाटण वीट टांगलेली होती. मेंढ्याही ती आवडीनं चाटायच्या, आणि मला तेही बरंच वाटायचं. आठवड्याभरानं डॉक्टर मॅडमशी फोनवर दुसऱ्याच कामासाठी बोलताना सहज विषय निघाला. त्या म्हणाल्या, "अहो, ती वीट आधी उचला. बाकीचं नंतर बोलू."

कारण तांबं. घोड्याला तांब्याचा फारसा त्रास होत नाही, म्हणून त्याच्या खुराकात आणि चाटण विटांत ते घातलेलं असतं. मेंढीला थोडं लागतं, पण जास्तीचं तांबं तिचं शरीर बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात साठत जातं. आठवडे, महिने काहीही दिसत नाही. मग प्रवास, आजारपण, कुत्रं मागे लागणं असं काही निमित्त होतं आणि ते सगळं एकदम रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते, डोळे पिवळे पडतात. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आणि उलटही तितकंच वाईट. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. ते घोड्याच्या पोटात गेलं तर हृदयाचे स्नायूच निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. म्हणजे एकाचा घास दुसऱ्याचं विष, आणि मी दोन्ही पोती एकाच खोलीत, एकाच मापानं काढत होते.

आता घोडीची चंदी तबेल्यात, दार लावून. मेंढ्यांचं खाणं वाडग्यात, जिथे फटीतून फक्त मेंढीच शिरू शकते. दोघांना समाईक एकच गोष्ट: साध्या मिठाचा खडा.

मग आला उबदार, ओलसर दिवसांचा काळ. गवत जोरात होतं, सगळी जनावरं गोल गरगरीत दिसत होती. ढवळी मेंढी मात्र इतरांच्या मागे राहायला लागली. लंगडत नव्हती, खात होती, लेंड्याही घट्ट होत्या. पोटात जंत झाले की जुलाब होणार, ही माझी समजूत, त्यामुळे जंतांची शंका मी स्वतःच बाद केली. एका संध्याकाळी तिच्या जबड्याखाली लिंबाएवढी मऊ सूज दिसली. सकाळी बघावं तर नाही. संध्याकाळी पुन्हा आहे. मी फोटो पाठवला. मॅडमनी विचारलं, "खालची पापणी ओढून बघितलीत का? आतून कशी आहे?"

कागदासारखी पांढरी होती.

म्हणजे जंतच होते. हा जंत मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात बसून रक्त पितो. पोटात हजारो असले की दिवसागणिक वाटीच्या हिशेबानं रक्त जातं. जुलाब होत नाहीत, जनावर आतून फिकं पडत जातं. दिवसभर मान खाली घालून चरलं की पातळ झालेल्या रक्तातलं पाणी जबड्याखाली उतरतं, रात्री डोकं वर राहिलं की ओसरतं. आणि लोकर खोटं बोलते. वरून गरगरीत दिसणाऱ्या ढवळीच्या पाठीवर बोटं रुतवून चाचपलं तर कण्याचे मणके टोचत होते. मला औषधापेक्षा दुसऱ्याच सूचनेची जास्त धास्ती वाटली: तिला पकडताना पळवू नका, अंगात रक्तच नाही, पळवली तर जागेवर कोसळेल. मी अर्धा तास हातात वैरणीची मूठ घेऊन जमिनीवर बसून राहिले, तेव्हा ती आपणहून आली.

ती वाचली. पापणी गुलाबी व्हायला महिना लागला. पापणीचा रंग बघायचा एक तक्ता मिळतो, फामाचा नावाचा, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला. त्यात गडद लाल १ पासून पांढऱ्याफटक ५ पर्यंत रंग असतात. ४ किंवा ५ दिसला की औषध द्यायचंच. सरसकट सगळ्यांना दर महिन्याला औषध पाजत राहिलं तर औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात, म्हणून ज्याला हवं त्यालाच, आणि तेही वजन करून. मी आधी अंदाजानं पाजायचे. कमी डोस म्हणजे जंतांची तालीमच की.

यात घोडीचा उपयोग होतो, हे मात्र खरं. मेंढीचे बहुतेक जंत घोड्याच्या पोटात मरतात आणि घोड्याचे मेंढीच्या. शिवाय घोडी जिथे लीद टाकते तिथलं गवत ती स्वतः शिवत नाही, मेंढ्या ते निवांत खातात. पण या फायद्याच्या भरवशावर मी कुरण पार खरवडू दिलं होतं. घोड्याला वरखाली दोन्ही पटाशीचे दात, तो जमिनीलगत कापतो. मेंढीला वर पुढे दात नाहीत, नुसती कडक हिरडी, पण तिचे पातळ ओठही मुळापर्यंत पोचतात. आणि जंतांची पिल्लं असतात नेमकी गवताच्या खालच्या चार बोटांत. आता कुरणाचे चार भाग केलेत. गवत चार बोटांवर आलं की भाग बदलायचा. लीद रोज उचलायची.

खुरांचं थोडक्यात सांगते: घोडीचे खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद तासतो, मेंढ्यांचे वाढले तरच. नखांमधून कुजका वास आला तर थांबायचं नाही.

मग थंडीतली ती रात्र. मेंढी दुखणं लपवते, घोडी अजिबात नाही. चंदी तशीच सोडून ती वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. वरचा ओठ वळवत होती, खाली बसत होती, उठत होती. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं. कोपराच्या मागे नळी लावून ठोके मोजले, मिनिटाला ५६. एरवी तिचे ३६ असतात. एरवीचे माहीत होते म्हणून ५६ला अर्थ होता. कुशीला कान लावला, उजवीकडे गुडगुड ऐकूच येईना. हिरड्या चिकट.

मॅडम आल्या, वेदनाशामक टोचलं, हात घालून तपासलं. डावीकडे मोठ्या आतड्याच्या वळणाशी वैरण गच्च बसली होती. नाकातून पोटात नळी घालून आधी तुंबलेलं काही परत येतं का ते बघितलं, मग तेल आणि कोमट पाणी सोडलं. खाणं बंद. थोडं चालवायचं, पण दमवायचं नाही.

"पाणी किती पीत होती?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. टाकीला तरंगती झडप होती. पाणी कमी झालं की आपोआप भरणारी. तिचं मला केवढं कौतुक! मेंढी पिणार चार-पाच लिटर, घोडी तीसच्या आसपास, आणि टाकी सदा काठोकाठ. थंडगार पाणी नको म्हणून घोडीनं पिणं कमी केलं, त्याच आठवड्यात मी हिरव्या गवतावरून एकदम कोरड्या वैरणीवर आणलं, आणि टाकीनं मला काहीच सांगितलं नाही.

पहाटे साडेचारला तिनं शेपूट उचलली. चार-पाच कोरडे, तेलकट गोळे पडले. मी विजेरी मारून ते मोजत होते आणि घरात फोन करून सांगत होते. तीन मेंढ्या दाराशी रवंथ करत बघत होत्या.

झडप काढून टाकली. आता तबेल्यात दोन बादल्या असतात, आत खुणा केलेल्या, थंडीत त्यात गरम पाणी मिसळून. रात्री दहाला आणि सकाळी सहाला आकडा बघते. आज सकाळी एक बादली पूर्ण रिकामी होती. मी खूश. मग बघितलं तर काळी मेंढी दाराच्या फटीतून तबेल्यात शिरून, हनुवटी ओली करून, घोडीच्या पोटाखाली उभी.